लॉर्ड मॅकडोनल्डची रील आणि गुरुगुहाची मुद्रा

आमच्या चिंचपाड्याहून नवापूर जवळच आहे. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात एक बाकडं आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत येतो. गाडीची वाट पाहणारी माणसं त्यावर निवांत बसतात. आपण कुठल्या राज्यात बसलो आहोत, याची चिंता कुणी करत नाही. ज्या चालीबद्दल आज लिहायचं आहे, ती ऐकली की मला हे बाकडं आठवतं. तिचं एक टोक स्कॉटलंडच्या वायव्येला स्काय बेटावर आहे आणि दुसरं दक्षिणेत, कावेरीकाठच्या मराठी राजवटीत वाढलेल्या एका संगीतकाराच्या हाती. तिकडे तिचं नाव ‘लॉर्ड मॅकडोनल्डची रील’. इकडे ती मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या ‘जगदीश गुरुगुह’ या संस्कृत रचनेची चाल आहे. नावं दोन, चाल एक.

आधी तिचं स्कॉटिश रूप ऐकू. रील हा तिथला जलद समूहनृत्याचा प्रकार, आणि त्या नृत्याच्या धुनेलाही रीलच म्हणतात. ठेका दोनाचा, पण आत सूर धावतात ते आठ-आठांच्या लडीने. त्याच मुलखात ‘स्ट्रथस्पे’ नावाचा आणखी एक नृत्यप्रकार आहे. त्यात एक सूर आखूड, पुढचा लांब, असा हिसका देत चाल पुढे सरकते. रीलमध्ये तो हिसका नाही. आठही सूर सारख्या अंतराने पडतात, पावसाळ्यात पन्हाळीतून ओघळणाऱ्या थेंबांसारखे. मग एकसुरीपणा येत नाही तो कशामुळे? गजामुळे. फिडल वाजवणारा काही सूर सुटे घेतो, तर काही एकाच गजात जोडतो. जोडलेल्या जागी क्षणभर ओलावा येतो, सुट्या जागी पाऊल उचललं जातं. मधूनच तो एकाच सुरावर गजाचे झटपट तीन फटके मारतो. तिकडे याला ‘बर्ल’ म्हणतात. आपल्या कानाला ते तबल्यावरच्या एखाद्या चपळ तुकड्यासारखं लागतं. सूर तोच राहतो, फक्त त्याची कड चमकून उठते. ही चमक कागदावरच्या स्वरलेखनात अनेकदा उतरलेलीच नसते. ती वाजवणाऱ्याच्या मनगटात असते.

रीलची बांधणीही पाहण्यासारखी. ती साधारणपणे दोन भागांची असते. पहिला भाग बहुधा खालच्या अंगाने फिरतो आणि पुन्हा वाजवला जातो. दुसरा वर चढतो, तोही बहुधा दुहेरी. स्थायी आणि अंतरा यांचं नातं ज्याच्या कानात मुरलेलं आहे, त्याला हे समजवावं लागत नाही. पण एक फरक आहे आणि गोडी त्यातच आहे. अंतरा संपला की आपण मुखड्यावर येतो, समेवर टेकतो, क्षणभर दाद घेतो. रीलला असं टेकणं परवडत नाही, कारण समोर माणसं नाचत असतात. म्हणून दुसऱ्या भागाचे शेवटचे सूर असे वळवलेले असतात की ते थांबत नाहीत, थेट पहिल्या भागाच्या तोंडाशी नेऊन सोडतात. आमच्या भागात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ज्याने पावरी ऐकली असेल, त्याला ही बांधणी लगेच ओळखू येईल. पावरीवाला गाल फुगवून, श्वास न तोडता वाजवत राहतो आणि चाळ्याचा, म्हणजे त्या चालीचा, शेवट कुठे, आरंभ कुठे, हे फेर धरणाऱ्यांच्या पावलांनाच काय ते कळतं. चाल नुसत्या कानासाठी बांधणं वेगळं आणि पायांसाठी बांधणं वेगळं. ही रील पायांसाठी बांधलेली आहे, आणि तिचा एकही सांधा पायाला टोचत नाही.

आता नावाकडे. ज्याच्या नावाने ही रील ओळखली जाते तो अलेक्झांडर मॅकडोनल्ड, १७४५ च्या सुमाराचा जन्म. स्काय बेटावरच्या मॅकडोनल्ड घराण्याचा तो प्रमुख. शिक्षण इंग्लंडमधल्या ईटनच्या शाळेत झालेलं. त्याला १७७६ साली लॉर्ड ही पदवी मिळाली, त्याआधी तो ‘सर अलेक्झांडर’ होता. म्हणजे धुनेला ‘लॉर्ड मॅकडोनल्ड’ हे नाव मिळालं ते १७७६ नंतरच. स्कॉटलंडमध्ये धुनेला जमीनदाराचं, सरदाराचं, त्यांच्या बायकामुलींचं नाव देण्याची सर्रास रीत होती. वाजवणारा आश्रित असे आणि आश्रयदात्याच्या नावाने धून अर्पण करी. डन्केल्डजवळच्या इन्व्हर गावचा थोर फिडलवादक नील गाऊ (१७२७–१८०७) याच्या आणि त्याच्या मुलांच्या संग्रहांत अशा नावांची रांगच दिसते. पण या लॉर्डाची गोष्ट निराळी आहे. तो स्वतः फिडल वाजवायचा, आणि ही रील त्यानेच रचली असं परंपरा मानते. इथे नाव आश्रयदात्याचं आहे आणि रचनाकाराचंही. धुनेच्या माथ्यावरचं नाव म्हणजे एका अर्थी तिच्याखालची सहीच. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम पडणार आहे.

माणूस म्हणून त्याची कीर्ती मात्र धुनेइतकी सुरेल नव्हती. १७७३ च्या सप्टेंबरात डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि जेम्स बॉसवेल हे दोघे स्काय बेटावर उतरले, तेव्हा आर्माडेल इथे त्यांचा पहिला यजमान हाच होता. पाहुणचार त्यांना फार कोरडा वाटला. बॉसवेलने १७८५ साली प्रवासवर्णन छापलं आणि त्यातली नाराजी वाचून लॉर्डसाहेब भडकले. ते दिवस बेटावर कठीण होते. खंड वाढत चालला होता, कुळं जमीन सोडून जहाजाने अमेरिकेला निघाली होती. त्याच दौऱ्यात ऑक्टोबरच्या आरंभी पाहुणे पुन्हा आर्माडेलला आले. मालक तेव्हा घरी नव्हता. त्या रात्री घरात नाच झाला, आणि बॉसवेलने त्या नाचाचं नाव टिपून ठेवलं: ‘अमेरिका’. आधी एक जोडी फिरू लागते, मग तिच्या ओढीने दुसरी, मग तिसरी, अखेर सगळेच गरगरत निघतात. गाव सोडून जाण्याची लाट कशी पसरते, ते पावलांनी दाखवणारा हा नाच, आणि तोही ज्या मालकाच्या जमिनीवरून माणसं जात होती त्याच्याच दिवाणखान्यात. पुढे त्या मालकाची रीलही त्याच वाटेने गेली. अटलांटिकपार ती ‘लेदर ब्रीचेस’, म्हणजे ‘चामड्याची विजार’, या नावाने अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत वाजू लागली, आणि लॉर्डाचं नाव वाटेत गळून पडलं. माणसं मालकाला मागे सोडून गेली, चाल मात्र बरोबर घेऊन गेली. धुनेच्या गुणवत्तेचा याहून सच्चा दाखला मला माहीत नाही.

दुसरी वाट पूर्वेची. मुत्तुस्वामी दीक्षितर यांचा जन्म १७७५–७६ च्या सुमारास तिरुवारूरला झाला. तिरुवारूर तेव्हा तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात स्थापलेलं हे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकलं, आणि गाण्याच्या बाबतीत ते नुसतं आश्रय देणारं राज्य नव्हतं. तिथल्या तुळजाराजांच्या नावावर अठराव्या शतकातला ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत शास्त्रग्रंथ आहे. सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला, ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नृत्यनाट्यात जगाचा भूगोल गायला लावला आणि सरस्वती महालात देशोदेशीची पुस्तकं जमवली. एकाच शहरात एकीकडे देवळात नागस्वर घुमत होता आणि दुसरीकडे राजवाड्यात युरोपी बँड वाजत होता. परक्या सुराला दारातच अडवायचं नाही, आत घेऊन बसवायचं, असा तो काळ आणि असा तो मुलूख. दीक्षितर याच हवेत वाढले. पुढे काही काळ ते तंजावरात राहिले, आणि पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू या प्रसिद्ध चौघा भावांनी त्यांच्याकडे विद्या घेतली.

मात्र ही रील त्यांच्या कानी पडली ती मद्रासच्या बाजूला. दीक्षितरांचं कुटुंब मद्रासजवळच्या मणली इथल्या मुदलियार घराण्याच्या आश्रयाला गेलं होतं. तिथल्या चिन्नस्वामी मुदलियारांबरोबर जाऊन त्यांनी फोर्ट सेंट जॉर्जमधला इंग्रजांचा बँड ऐकला. त्या सुरावटींवर दीक्षितरांनी संस्कृत शब्द बसवले. आज अशा सुमारे चाळीस रचना सांगितल्या जातात. त्यांचं नाव ‘नोट्टुस्वर’. इंग्रजीतला ‘नोट’ आणि आपला ‘स्वर’ जोडून झालेला हा शब्दच त्या काळाचं सार सांगतो. ‘गॉड सेव्ह द किंग’च्या चालीवर ‘सन्ततं पाहि मां’, ‘ब्रिटिश ग्रेनेडियर्स’ या कूचगीताच्या चालीवर सुब्रह्मण्याची स्तुती, आणि आपल्या लॉर्डाच्या रीलवर ‘जगदीश गुरुगुह’.

मराठी वाचकाला हा प्रकार नवखा वाटू नये. आपल्या संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं छापून पुढे एखादं लोकप्रिय पद किंवा ठुमरी नोंदलेली दिसेल. किर्लोस्करांपासून देवलांपर्यंत सर्वांनी हे केलं. कानडी, कर्नाटकी, हिंदुस्थानी, जिथे गोड चाल दिसली तिथून ती उचलली आणि मराठी शब्द तिच्यावर बसवले. पण शब्द ‘बसवणं’ आणि शब्द ‘कोंबणं’ यांत फरक आहे, आणि रसिकाने तोच ऐकायचा असतो. चाल तयार असते, तिचं माप ठरलेलं असतं. कवीने आपलं वृत्त त्या मापाला लावायचं आणि तरीही भाषा अवघडलेली वाटू द्यायची नाही. या कसोटीला दीक्षितर कसे उतरतात, ते पहिल्या दोन शब्दांतच दिसतं.

‘जगदीश गुरुगुह’. ही अक्षरं मोजून पाहा: ज, ग, दी, श, गु, रु, गु, ह. एकूण आठ. त्यांत गुरू अक्षर एकच, ‘दी’. बाकी सातही लघू. संस्कृतात असं सहज होत नाही. संस्कृत शब्द जोडाक्षरांनी आणि दीर्घ स्वरांनी जड असतो आणि स्वतः दीक्षितर त्या जडपणाचे बादशहा आहेत. त्यांच्या विलंबित कृती ऐका: एकेक अक्षर हत्तीच्या पावलाने पडतं, आणि दोन पावलांच्या मध्ये रागाचा अख्खा प्रदेश दिसून जातो. रीलला असं पाऊल चालत नाही. तिथे सुरांची लड धावते आहे, आणि नोट्टुस्वरात साधारणपणे एका सुराला एक अक्षर द्यायचं असतं. म्हणून लघू अक्षरांची माळ हवी. दीक्षितर ती माळ कुठून आणतात? स्वतःच्या मुद्रेतून. ‘गुरुगुह’ची चारही अक्षरं लघू. त्यात एक छोटी गंमत दडलेली आहे. छंदशास्त्रात दीर्घ अक्षराला ‘गुरू’ म्हणतात, आणि संस्कृतातला ‘गुरु’ हा शब्द मात्र स्वतः दोन लघूंचा बनलेला आहे. नावात भार, चालीत हलकेपणा. एका नाचाच्या धुनेत प्रवेश करायला याहून योग्य शब्द संस्कृतात शोधूनही सापडला नसता.

ही मुद्रा कुठून आली, तेही ऐकण्यासारखं आहे. तिरुत्तणीच्या डोंगरावरच्या कार्तिकेयाच्या देवळात एका वृद्धाने तरुण मुत्तुस्वामींच्या तोंडात खडीसाखर घातली आणि तो दिसेनासा झाला, अशी आख्यायिका आहे. तो वृद्ध म्हणजे साक्षात स्कंद. त्यानंतर त्यांनी गायला आरंभ केला आणि स्कंदाचं ‘गुरुगुह’ हे नाव आपल्या रचनांत गुंफलं. आपल्या अभंगांत ‘तुका म्हणे’ येतं तशी ही खूण. पण तुकोबांच्या मुद्रेत कवीचं नाव कवीचंच राहतं. इथे रचनाकाराचं नाव आणि देवाचं नाव एकच झालं आहे.

आता ती मघाची गोष्ट आठवावी. स्कॉटिश धुनेच्या माथ्यावरचं नाव मालकाचं होतं आणि रचनाकाराचंही. दीक्षितरांच्या रचनेतलं ‘गुरुगुह’ हे नाव देवाचं आहे आणि रचनाकाराचंही. दोन्हीकडे एका नावात दोन माणसं, की दोन सत्ता, वसतात. फरक फक्त जागेचा. तिकडे नाव धुनेच्या बाहेर, शीर्षकात उभं आहे. वाजवताना ते ऐकू येत नाही, म्हणून अमेरिकेला जाताना सहज गळून पडलं. इकडे नाव धुनेच्या आत, सुरांवर बसवलेलं आहे. ते काढायचं तर सूर उपसावे लागतील. आणि पहिला शब्द? रीलच्या नावाचा पहिला शब्द ‘लॉर्ड’. रचनेचा पहिला शब्द ‘जगदीश’, जगाचा ईश, जगाचा धनी. योगायोग म्हणा, पण एका बेटाच्या धन्याच्या जागी जगाचा धनी येऊन बसावा आणि चालीला त्याचा भारही वाटू नये, हे रसिकाने हातची खडीसाखर समजून चघळावं.

सुरांच्या बाबतीत दीक्षितरांचा संयम तर थक्क करतो. नोट्टुस्वर शंकराभरणाच्या स्वरांत गायले जातात. आपल्याकडे म्हणायचं तर बिलावल थाटाचे सगळे शुद्ध सूर. कर्नाटक संगीतात शंकराभरण हा गमकांनी नटलेला, डोलणारा राग आहे, आणि दीक्षितरांच्या स्वतःच्या शंकराभरणातल्या कृती त्याची साक्ष आहेत. इथे मात्र गमक जवळजवळ नाही. सूर सरळ, ताठ, जसा बँडमध्ये वाजला तसा. पल्लवी, अनुपल्लवी, चरण ही नेहमीची मांडणीही नाही. ज्याच्या गळ्यात अलंकारांचा खजिना आहे, त्याने तो तिजोरीत ठेवून साध्या सुती धोतरावर यावं, तसं हे आहे. दुसऱ्याच्या चालीचा मान राखायचा तर तिच्यावर आपले दागिने चढवायचे नसतात, हे त्यांना उमगलं होतं. काशीला राहून आलेल्या या संगीतकाराने आपल्या जयजयवंतीचा द्विजावंती म्हणून किती मनसोक्त विस्तार केला, ते ठाऊक असलं म्हणजे इथलं हे हात आखडणं अधिकच मोलाचं वाटतं. कुठे फुलवायचं आणि कुठे जसंच्या तसं ठेवायचं, याची पारख म्हणजेच थोरवी.

शेवटचा बारकावा वाद्याचा. मुत्तुस्वामींचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांनी त्याच मद्रासच्या दिवसांत एका युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकून घेतलं आणि ते कर्नाटक संगीताच्या मैफलीत आणलं. स्कॉटिश वादक फिडल हनुवटीखाली किंवा छातीशी धरून, बहुधा नाचणाऱ्यांच्या कडेला उभा असतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं शेपूट छातीला टेकवतो आणि त्याचं वळणदार डोकं उजव्या घोट्यावर ठेवतो. असं टेकलं की डावा हात वाद्य तोलण्याच्या कामातून मोकळा होतो आणि मींड घ्यायला हवा तसा घसरू शकतो. तारांची जुळणीही बदलली: तिकडच्या चार निरनिराळ्या सुरांऐवजी इकडे षड्ज-पंचम, षड्ज-पंचम. लाकूड तेच, तारा चारच, गजही तोच; फक्त वाद्य नाचाच्या कडेवरून उतरून बैठकीत आलं. पुढे याच वाद्यावर गजाननबुवा जोशी आणि व्ही. जी. जोग यांनी मराठी मुलखातली मैफल रंगवली. नवापूर तालुक्यातल्या चर्चमध्ये रविवारी पाश्चात्त्य चालींवर मराठी गीतं उठतात, तीही याच वाटेवरची. इथेही चाल दुरून आली, शब्द इथले झाले आणि गाणाऱ्याला तिचं मूळ गाव आठवावं लागत नाही.

वाचकांना एकच सांगणं. या दोन्ही रचना एकापाठोपाठ ऐका, पण क्रम उलटा ठेवा: आधी ‘जगदीश गुरुगुह’, मग रील. शब्दांसह चाल एकदा कानात बसली, की रील वाजताना तिच्या धावत्या सुरांतून ‘गुरुगुह’ची चार लघू अक्षरं आपोआप उमटू लागतात. लॉर्ड मॅकडोनल्ड १७९५ साली वारला, तेव्हा दीक्षितर विशीच्या आसपास होते. दोघांची भेट झाली नाही, आणि तशी गरजही नव्हती. चाल दोघांच्या मध्ये, त्या नवापूरच्या बाकड्यासारखी, आजही दोन्ही बाजूंनी मोकळी आहे.